ऐकणारें यंत्र आणि बोलणारें यंत्र

चावीचीं जुनीं गाण्याचीं यंत्रें जमविणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या घरीं आपण कधीं गेलां असाल, तर तो आपणांस प्रथम कर्णा दाखवितो, हें आपल्या ध्यानांत आलें असेल. कर्णा जितका मोठा, तितका पाहुणा अधिक थक्क होतो. परंतु दोन यंत्रें शेजारीं ठेवून त्यांची तुलना करूं लागलें, म्हणजे कर्ण्याहून महत्त्वाचा एक प्रश्न पुढें येतो. तो असा कीं, या यंत्राला नुसतें बोलतां येतें, कीं ऐकतांही येतें?

हा प्रश्न मला प्रथम तिसगांवच्या एका माळ्यावर पडला. अहमदनगरहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरहून, पाथर्डीकडे जातांना करंजीचा घाट ओलांडल्यावर हें गांव लागतें. कानिफनाथांची मढी येथून जवळच. आमच्या तेथील जुन्या घराच्या माळ्यावर काळ्या कापडानें मढविलेली एक पेटी होती. तींतून ‘हिज मास्टर्स व्हॉईस’चा १०२ क्रमांकाचा पोर्टेबल ग्रामोफोन निघाला. हा नमुना १९३१ सालीं बाजारांत आला होता. चावी दिली, नवी सुई बसविली, बालगंधर्वांची तबकडी लावली, आणि धुळीनें भरलेल्या त्या माळ्यावर गंधर्व गाऊं लागले. खालीं ओसरीच्या कोपऱ्यांत आजीचें जातें होतें. पहांटे दळतांना ती ज्या ओव्या म्हणत असे, त्यांतली एकही त्या पेटीजवळच्या तबकड्यांत नव्हती. ती असावी अशी अपेक्षा करणें हाच वेडेपणा, असें कोणी म्हणेल. तो वेडेपणा नव्हे, हेंच आज मला सांगावयाचें आहे.

एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ तयार केला, तेव्हां त्याच्या नळकांड्यावर कथलाचा पातळ पत्रा गुंडाळलेला असे. पुढें त्या जागीं मेणाची नळकांडी आली. आपण कर्ण्यांत बोललों कीं पडदा थरथरतो, त्याला जोडलेलें टोक मेणांत कमी-अधिक खोल रेघ कोरतें, आणि तीच रेघ दुसऱ्या टोकाखालून फिरविली कीं आपलें बोलणें परत ऐकूं येतें. घरगुती फोनोग्राफला ध्वनि कोरण्याचें उपकरण जोडतां येत असे. मेण तासून घेतलें कीं नळकांडें पुन्हां कोरें होई. मुदत अवघी दोन मिनिटांची. परंतु तेवढ्यांत ज्याच्या घरीं यंत्र, त्याच्या घरचा आवाज टिपला जाई.

एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं ग्रामोफोनचें पेटंट घेतलें, तें निराळ्या तत्त्वावर. त्याच्या यंत्रांतील रेघ खोल-उथळ न जातां डावी-उजवीकडे नागमोडी जाते, आणि नळकांड्याऐवजीं सपाट तबकडी असते. एका मूळ ठशावरून अशा हजारों तबकड्या छापतां येत. त्यांच्या घडणींत लाख पडे, आणि लाखेचा मोठा पुरवठा आपल्याच देशांतून होत असे. १९०२ सालीं फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या तबकड्या छापण्यासाठीं जर्मनींत हॅनोव्हरला जात. १९०८ सालीं कलकत्त्यासच कारखाना निघाला. मात्र घरीं येणाऱ्या ग्रामोफोनला कान नव्हते. कंपनीनें जें ऐकलें तेंच तो ऐकवी. बाजारानें त्यालाच पसंत केलें, आणि १९२९ सालीं खुद्द एडिसननेंही हा धंदा बंद केला.

हीं दोन यंत्रें शेजारीं ठेवून पाहावीं. स्प्रिंग दोहोंतही असते, आणि गति सारखी ठेवणारें फिरत्या वजनांचें गव्हर्नरही असतें. फोनोग्राफमध्यें मात्र ध्वनिपेटी एका मळसूत्रानें हळूहळू पुढें सरकते. ग्रामोफोनमध्यें तें काम तबकडीच्या रेघेलाच करावें लागतें. शंभर ग्रॅमहून अधिक भार त्या बारीक रेघेवर येतो, म्हणूनच दर बाजूस नवी सुई लावावी असें सांगत. पाथे कंपनीच्या जुन्या तबकड्यांची रेघ खोल-उथळ असते. त्यांस पोलादी सुई लावली तर तबकडी नासते. त्यांस नीलमण्याचें गोल टोंक लागतें. आणखी एक सावधगिरी सांगतों. पितळेचा नवाकोरा झगझगीत कर्णा, आंत एखाद्या पोर्टेबलची मोटार, आणि वर कुत्र्याचें चित्र, अशीं जोडकाम केलेलीं यंत्रें जुनीं म्हणून विकलीं जातात. मीं स्वतः एका बाजारांत असा फसलों आहें.

त्या कुत्र्याची कथाही येथें उपयोगी आहे. फ्रान्सिस बॅरॉड यानें तें चित्र प्रथम काढलें, तेव्हां निपर हा कुत्रा एडिसनच्या पद्धतीच्या नळकांड्याच्या फोनोग्राफपुढें बसला होता. १८९९ सालीं ग्रामोफोन कंपनीच्या सांगण्यावरून चित्रांतील फोनोग्राफवर रंग देऊन तेथें ग्रामोफोन काढण्यांत आला. धन्याचा आवाज घरच्या घरीं टिपूं शकणारें यंत्र अशा रीतीनें चित्रांतून नाहींसें झालें. नांव मात्र ‘धन्याचा आवाज’ असेंच राहिलें.

तरी ग्रामोफोनला दोष देऊन चालणार नाहीं. मेणाच्या नळकांड्यांस बुरशी लागते, तीं झिजतात आणि फुटतात. एकाच तबकडीच्या हजारों प्रती घरोघर पसरल्या, म्हणून बालगंधर्व आज आपणांस ऐकूं येतात. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालींच वारले, आणि ज्या आवाजानें किर्लोस्कर नाटक मंडळीची कीर्ति वाढविली, तो आपण आतां वर्णनांवरूनच जाणावयाचा. मुंबईंत १९९० सालीं भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था स्थापन झाली, ती अशा तबकड्यांचा शोध घेण्यासाठींच. परंतु कोणताही संग्राहक जें कधीं मुद्रितच झालें नाहीं तें शोधून काढूं शकत नाहीं. जात्यावरच्या ओव्यांची दखल फार उशिरां घेतली गेली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनीं पुण्याहून हें काम हातीं घेतलें, आणि महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतील कांहीं १९९०च्या दशकांत ध्वनिमुद्रितही झाल्या. तोंवर कित्येक आज्या आपल्या ओव्या घेऊन निघून गेल्या होत्या.

मागें तिसगांवला गेलों, तेव्हां आत्या ओसरीवर बसली होती. आजीच्या कांहीं ओव्या तिला येतात. शेजारीं १०२ची पेटी उघडी होती, आणि मीं खिशांतला मोबाइल काढून जात्यावर ठेवला. आत्यानें आधीं पेटीकडे पाहिलें, मग मोबाइलकडे, आणि विचारलें, “हे ऐकतं का रे?”

मीं म्हटलें, “ऐकतं, आत्या. म्हण तूं.”