टोर्नेडोची ताकद कशी ठरवतात?
टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला, जोरात फिरणारा वारा. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर-साटुरिया भागात आलेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० लोकांचा जीव गेला. जगातला सर्वांत प्राणघातक टोर्नेडो तोच मानला जातो.

टोर्नेडोची ताकद मोजण्याची पट्टी शास्त्रज्ञ फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडली. अमेरिकेत २००७ पासून तिचं सुधारित रूप वापरतात : ईएफ-० ते ईएफ-५. झालेलं नुकसान पाहून वाऱ्याच्या वेगाचा अंदाज बांधतात. ईएफ-५ म्हणजे ताशी ३२२ किमीपेक्षा जास्त वेग.

पण पत्र्याचं घर कमी वाऱ्यातही उडतं. म्हणून मृतांचा आकडा म्हणजे टोर्नेडोची ताकद नव्हे. घरं किती पक्की होती, हेही बघावं लागतं.