सुगरणीचे विणकाम : उपजत किती, अर्जित किती?

पनवेल परिसरात भातखाचरांच्या कडेची शिंदी किंवा विहिरीवर झुकलेली बाभूळ पावसाळ्यात खोप्यांनी लगडलेली दिसे. ज्या पक्ष्याचे हे काम, त्याला मराठीने ‘सुगरण’ हे स्त्रीलिंगी नाव दिले. विणकर मात्र नर असतो. कौशल्य एकदा उपजत मानले की त्याच्या कर्त्याकडे निरखून पाहण्याची गरज उरत नाही, याचेच हे द्योतक म्हणावयाचे.

असे निरखून पाहण्याचे महत्त्वाचे कार्य तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातच घडले. १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणींच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर खोपा शिरस्त्राणाच्या आकाराचा होईपर्यंतच विणतो. मादी येऊन तो पारखते. तिने पसंत केला तरच तो पूर्णत्वास जातो, आणि मग नर दुसऱ्या खोप्यास आरंभ करतो. व्ही. सी. आंबेडकर यांनी हा अभ्यास पुढे नेला. विणकर पक्ष्यांवरील त्यांचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६४ साली प्रसिद्ध केला.

मादी ज्या कसबाची परीक्षा घेते ते नराच्या अंगी येते कोठून? कावळ्याच्या घरट्यात वाढलेला कोकीळ कोकिळाचाच स्वर काढतो. तेथे आनुवंशिकतेचा पक्ष बळकट आहे. सुगरणीचे पिल्लू मात्र खोप्यातच जन्मते व विणकरांच्या सहवासात वाढते. त्यामुळे केवळ क्षेत्रनिरीक्षणाने निर्णय होणे कठीण.

योगायोगाने १९६४ मध्येच निकोलस व एल्सी कोलियास या अमेरिकन दांपत्याचे, सुगरणीच्या एका आफ्रिकी भाऊबंदावरील प्रयोग प्रसिद्ध झाले. बालवयात ज्या नरांना विणण्याजोगे साहित्य मिळू दिले नव्हते, त्यांना पुढे ते पुरवूनही प्रथम विणता येईना. सरावाने जमू लागले, तरी इतरांची बरोबरी लगेच साधली नाही. पाते चोचीत धरण्याची ओढ उपजत खरी. परंतु तिचे विणकामात रूपांतर होण्यास अनुभव लागतो. या दृष्टीने, तरुण नर जे ओबडधोबड, निरुपयोगी खोपे विणतात त्यांना उमेदवारीचे काम समजणे युक्त होईल.

१९७० नंतर नवी मुंबईच्या उभारणीत पनवेलकडील बरीच भातशेती गेली. नर आपले धागे भाताच्या व लांब गवताच्या पात्यांतून फाडून काढतो. म्हणजे खाचर हे त्याचे अन्नक्षेत्र तसेच त्याची कार्यशाळाही होय. १९६८ साली स्थापन झालेले कर्नाळा अभयारण्य जवळच आहे, पण ते डोंगर-जंगलाचे. उघड्या शेतांचा हा विणकर त्याच्या सीमेबाहेरच राहतो.