मोटारगाडीची किल्ली

मोटारगाडीची किल्ली : मोटारगाडीचे दार उघडणे, सुकाणूचे कुलूप सोडविणे आणि इंजिन चालू करण्याची मुभा देणे ही तीन कामे करणारे साधन. ही कामे दीर्घकाळ धातूच्या एका दातेरी पात्यानेच केली. आता त्यांतील बहुतेक भार पात्याच्या मुठीत बसविलेल्या इलेक्ट्रॉनिक मंडलाकडे गेला असून अनेक नव्या गाड्यांत पाते केवळ अडचणीच्या प्रसंगापुरते उरले आहे. गाडीच्या लेखी आजची किल्ली आकारावरून नव्हे, तर गाडीच्या दप्तरी, म्हणजे तिच्या नियंत्रक संगणकाच्या स्मृतीत, झालेल्या नोंदीवरून किल्ली ठरते. ही गोष्ट ध्यानात न घेता जो मालक केवळ हुबेहूब दात कापून आणतो, त्याच्या हाती दार उघडणारा, परंतु गाडी न चालविणारा धातूचा तुकडा पडतो.

आरंभीच्या मोटारी पुढील दांडा हाताने फिरवून चालू करीत. 1912 मध्ये कॅडिलॅक गाडीला विद्युत् स्टार्टर बसविण्यात आला, तरी त्यानंतरही कित्येक वर्षे किल्लीकडे प्रज्वलनाचा विद्युत्-प्रवाह जोडण्याचेच काम होते आणि स्टार्टरसाठी निराळे बटण दाबावे लागे. किल्ली फिरविताच इंजिन सुरू व्हावे, ही सोय क्रायस्लर कंपनीने 1949 च्या गाड्यांत आणली. आज पुन्हा बटणच आले आहे, आणि तेच नवेपणाचे लक्षण म्हणून मिरविले जाते, हा यंत्रविद्येच्या इतिहासातील एक गमतीदार फेरा होय.

धातूच्या दातांचे प्रकार मोजकेच असल्याने आणि कुलूप फोडून तारा जोडणे चोरांना अवघड नसल्याने, किल्लीला दुसरी काही ओळख असावी, हा विचार पुढे आला. जनरल मोटर्सने 1986 च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विद्युत् रोधाची एक गोळी बसविली. परंतु रोधाची ठरावीक मूल्ये पंधराच असल्याने चिकाटीच्या माणसापुढे ही तजवीज फार काळ टिकण्याजोगी नव्हती. खरा पालट 1990 नंतरच्या दशकात इमोबिलायझरमुळे झाला. या योजनेत किल्लीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी एक चिप, म्हणजे ट्रान्सपाँडर, असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती गुंडाळलेले तारेचे वेटोळे सुमारे 125 किलोहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि त्यातूनच चिपला शक्ती मिळते. मग गाडी एक यादृच्छिक संख्या पाठविते, चिप आपल्याजवळील गुप्तांकाच्या आधारे गणित करून तिचे उत्तर देते, आणि गाडीने स्वतः काढलेल्या उत्तराशी ते जुळले तरच इंधन व ठिणगी यांना परवानगी मिळते. उत्तर नामंजूर झाले, तर कित्येक गाड्यांत इंजिन क्षणभर घरघरते व विझते, आणि फलकावर किल्लीचा वा कुलपाचा दिवा घाईघाईने लुकलुकू लागतो.

या योजनेचे मोल अमेरिकेने अलीकडे उलट बाजूने अनुभवले. युरोपीय संघाने 1998 पासून आणि कॅनडाने 2007 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला. अमेरिकेत तसा कायदा नव्हता. तेथे विकलेल्या 2011 ते 2021 च्या दरम्यानच्या किया व ह्युंदाई यांच्या पुष्कळ गाड्यांत इमोबिलायझर नव्हता, आणि सुकाणूखालचे आवरण काढून यूएसबी तारेच्या टोकाने इग्निशन फिरविण्याची युक्ती चलच्चित्रांतून पसरताच शहरोशहरी अशा गाड्यांच्या चोऱ्यांचे पेव फुटले. कॅनडातील त्याच कंपन्यांच्या गाड्या या संकटातून वाचल्या.

गुप्तांकाचे गणितही अभेद्य मात्र नसते. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपमधील 40 बिटांचा गुप्तांक अमेरिकन संशोधकांनी 2005 मध्ये उलगडून दाखविला. मेगामॉस नावाच्या दुसऱ्या चिपमधील दोषांवरील निबंध फोक्सवॅगनच्या अर्जावरून लंडनच्या उच्च न्यायालयाने 2013 मध्ये रोखला आणि तो 2015 मध्ये एक वाक्य गाळून प्रसिद्ध झाला. दोष झाकल्याने दोष जात नाही; दोन वर्षांची मुदत मिळाली, एवढाच त्या हुकुमाचा लाभ.

दार दुरून उघडणारे रिमोट हे इमोबिलायझरहून सर्वस्वी वेगळे अंग असून, एकाच मुठीत राहत असल्यामुळे सामान्य मालक या दोहोंत गल्लत करतो. दुरून चालणारे सेंट्रल लॉकिंग 1982 च्या सुमारास फ्रान्समधील रेनो फ्युएगो या गाडीत आले. प्रारंभीची रिमोट प्रत्येक वेळी तोच संकेत पाठवीत, त्यामुळे तो टिपून पुन्हा वापरता येई. पुढे प्रत्येक दाबण्यासरशी बदलणारा संकेत आला. किल्ली व गाडी दोघीही एक गणक पुढे सरकवीत राहतात आणि मागे पडलेला संकेत गाडी स्वीकारीत नाही. घरात मुलांनी खेळता खेळता बटण पुष्कळदा दाबले तर किल्लीचा गणक फार पुढे जातो व गाडी तिला ओळखीनाशी होते. अशा वेळी गाडीजवळ जाऊन बटण लागोपाठ दोनदा दाबले असता पुष्कळ प्रकारांत मेळ पूर्ववत् बसतो. भारतात व युरोपात ही रिमोट बहुधा 433 मेगाहर्ट्‌झवर, तर अमेरिकेत व जपानात 315 मेगाहर्ट्‌झवर चालतात. म्हणून अमेरिकेतील वा जपानातील आप्ताकडून स्वस्तात मागविलेले रिमोट येथे बहुधा निरुपयोगी ठरते.

किल्ली खिशातच ठेवून दार उघडण्याची पद्धत मर्सिडीझने 1990 च्या दशकाअखेरीस एस-क्लास गाड्यांत आणली. हँडलला हात लागताच गाडी अल्प पल्ल्याची हाक देते, आणि खिशातील किल्ली अधिक पल्ल्याच्या लहरींनी तिला ओ देते. या सोयीचे वर्म गृहीतकात आहे : हाक ऐकू आली म्हणजे किल्ली जवळच आहे, असे गाडी मानते. झुरिक येथील संशोधकांनी 2011 मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर प्रयोग करून दाखविले की एकाने गाडीपाशी व दुसऱ्याने घराच्या भिंतीपाशी उभे राहून ही हाक पुढे पोचविली, तर गुप्तांकाला धक्काही न लावता गाडी उघडते व चालू होते. यावर काही किल्ल्या थोडा वेळ न हलल्यास निद्रिस्त होतात. काहींत अतिरुंद पट्ट्याच्या लहरींनी, संदेशाच्या प्रवासास लागलेल्या वेळावरून, खरे अंतर मोजतात. ज्यांच्या गाडीत यांपैकी काहीच नाही त्यांनी रात्री किल्ली घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवून, डबा गाडीजवळ नेऊन दार उघडते काय, याची एकदा शहानिशा करावी.

किल्ली चालत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा बटणाच्या आकाराच्या सेलमध्ये असते. त्यावर सीआर 2032 असे लिहिलेले असल्यास त्यातील 20 हा मिलिमीटरमधील व्यास व 32 म्हणजे 3.2 मिलिमीटर जाडी होय. दिसायला सारखा असला तरी कमी जाडीचा सेल ढिला बसतो. सेल पूर्ण संपला तरी गाडी अडत नाही : मुठीतील पाते सरकवून काढून दार उघडावे आणि मूठ स्टार्टच्या बटणाला, वा पुस्तिकेत दाखविलेल्या जागी टेकवून बटण दाबावे, बॅटरीवाचून चालणारी चिप आपले काम करते.

मूठ तुटली असता बाजारात नुसते कवच स्वस्तात मिळते. येथे एक धोका आहे. काही किल्ल्यांत चिप मुख्य मंडलावर नसून जुन्या कवचाच्या कोपऱ्यातील खाचेत काचेच्या नळीच्या वा काळ्या पाचरीच्या रूपाने चिकटविलेली असते. मंडल उचलून नव्या कवचात घातले आणि जुने कवच केरात गेले, की रिमोट चालते, पाते फिरते, पण इंजिन धरत नाही.

संपूर्ण नवी किल्ली करताना पाते कापणे, इमोबिलायझरमध्ये नोंद करणे आणि रिमोटची नोंद करणे अशी तीन निराळी कामे असतात, आणि भाव ठरविताना तिन्ही वदवून घ्यावीत. कारागीर सुकाणूखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडतो, गाडीचा सुरक्षांक देऊन स्मृतीत शिरतो आणि नव्या चिपची नोंद करतो. पुष्कळ गाड्यांत या वेळी जुन्या नोंदी पुसल्या जातात; म्हणून घरातील सर्व किल्ल्या सोबत न्याव्यात, नाहीतर कपाटात राहिलेली चांगली किल्ली बाद होते. एक किल्ली हरवली असल्यास हीच पुसण्याची सोय तिला निकामी करण्यास उपयोगी पडते. एकही किल्ली शिल्लक नसेल तर काम कित्येक पटींनी वाढते. गाडी ओढून न्यावी लागते, प्रसंगी नियंत्रक बदलावा लागतो. जुन्या बाजारातील स्मार्ट किल्ली बहुधा पहिल्या गाडीशी कायमची बांधलेली असल्याने तिची नव्याने नोंद होत नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटर आरसी बुक, मालकाचे ओळखपत्र आणि बहुधा किल्ली हरवल्याची पोलिसांतील नोंद मागते. हा खटाटोप टाळून कागद न पाहता किल्ली करून देणारा कारागीर मालकाला सोयीचा वाटतो, परंतु तो तितकाच चोरालाही सोयीचा असतो. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपन्या दाव्याच्या वेळी दोन्ही मूळ किल्ल्या हजर करावयास सांगतात, तेव्हा हरवलेल्या किल्लीचा दाखला त्याच वेळी घेऊन जपून ठेवणे इष्ट. किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत, हे अनेक गाड्यांत स्कॅनरवर दिसते. वापरलेली गाडी विकत घेणाऱ्याने ती संख्या हातात पडलेल्या किल्ल्यांशी ताडून पाहावी आणि मगच उरलेली रक्कम द्यावी.