मानमोडीच्या वरसाला

जिजीचं वय कुणालाच नक्की माहीत नव्हतं, तिला तर नव्हतंच. १९८१ असेल किंवा ८२, कसल्याशा पेन्शनीच्या अर्जासाठी मी तिला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेले होते. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "आजी, वय काय लिहू?" जिजीनं पदर सावरला आणि ठणकावून सांगितलं, "मानमोडी झाली त्या वरसाला मी रांगत व्हते." कारकून माझ्याकडं बघायला लागला, मी खाली फरशीकडं. शेवटी त्यानं तिच्या तोंडाकडं एकदा नीट बघून घेतलं आणि ६५ लिहून टाकलं. परतताना एस्टीत जिजी म्हणाली, "लिवलं न्हवं त्यानं? मग झालं तर."

जिजी म्हणजे माझ्या वडिलांची आई. आमचं घर माणदेशातलं. तिकडं पाऊस पाहुण्यासारखा, आला तर आला. जन्मतारखा कुणी लिहून ठेवत नसे. जिजीची सासू लग्न होऊन आली ती 'प्लेगात गाव रानात राह्यलं होतं तवा'. १८९६ साली प्लेग मुंबईत उतरला आणि पुढची कितीतरी वर्षं आमच्याकडं घरात उंदीर पडला की माणसं भांडीकुंडी उचलून शेतात झोपड्या टाकत. ती नवी नवरी अशाच झोपडीत माप ओलांडून आली. उंबरा नव्हता म्हणून माप चुलीपुढं ठेवलं होतं, असं जिजी सांगायची. ते तिनं पाहिलेलं नव्हतं, तिलाही सासूनंच सांगितलेलं. त्यात भर कुणी किती घातली, देव जाणे.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. ताप चढायचा, मान आणि पाठ मोडून यायची, म्हणून ते नाव. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. जूनमध्ये ती मुंबई बंदरात आली तेव्हा लोकांना साधं पडसं वाटलं. पावसाळा सरता सरता परत आली ती कर्दनकाळ होऊन. हिंदुस्थानात एक कोटीच्या वर माणसं गेली. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या आधीच्या दहा वर्षांपेक्षा कमी भरली. असं त्याआधी आणि त्यानंतर खानेसुमारीत कधीच झालेलं नाही. त्यात १९१८ साली पाऊसही नव्हता. घरात धान्य नाही आणि अंगात ताप. गेली ती बरीचशी ऐन पंचविशी-तिशीतली माणसं, त्यातही बायका जास्त.

त्या बायकांतली एक जिजीची आई. जिजी तेव्हा आठनऊ महिन्यांची. आईविना पोर जगली कशी, याच्या घरात दोन कथा आहेत. एक म्हणते, चुलतीनं आपल्या पोराबरोबर हिलाही अंगावर पाजलं. दुसरी म्हणते, दारात शेळी होती, तिचं दूध कापसाच्या बोळ्यानं तोंडात पिळलं. जिजीला विचारलं की ती दोन्हींना मान डोलवायची. "चुलतीबी व्हती, शेळीबी व्हती." मग हुलग्याचं माडगं. दात यायच्या आधीपासून माडग्यावर वाढले, असं ती अभिमानानं सांगायची. अंगानं मात्र काटकी राहिली, उंचीनं जेमतेम. सुनांच्या खांद्याला लागायची.

तिला बाळंतपणं नऊ. कुणी विचारलं, मुलं किती, तर ती 'नऊ' म्हणायची. जगलेली पाच. माझे वडील त्यातले तिसरे. पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर आयुष्य लिहून जाते म्हणून. "माझ्या चार लेकरांच्या वक्ताला तिची दौत सांडली," असं जिजी एकदाच म्हणाली होती, पापडाची लाटी करता करता. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या देशात सरासरी आयुष्य बत्तीसेक वर्षांचं होतं असं शाळेत शिकले तेव्हा मला वाटायचं, तेव्हाची माणसं बत्तिशीत म्हातारी होत असतील. तसं नव्हे. ती सरासरी जिजीच्या चार लेकरांसारख्यांनी खाली ओढलेली होती. जे पाळण्यातून सुटले, ते पुढं जिजीसारखे चिवट निघत.

देवींचं तिला फार भय. घरात देवी आल्या की आजाराचं नाव घ्यायचं नाही, दाराला लिंबाचा डहाळा, आणि फोडणी बंद. तेलाचा चर्र आवाज बाईला खपत नाही. पण त्याच्याइतकंच भय तिला देवी काढायला येणाऱ्या डॉक्टरचं. तो सायकलवरून आला की पोरं लपवायची. मला तिनं बाजरीच्या कणगीमागं उभं केलं होतं, हे मला आठवतं. की एवढ्यांदा ऐकलंय म्हणून आठवतं असं वाटतं, सांगता यायचं नाही. शिंक आली आणि सापडले. दंडावर लस टेकवून दातेरी चकती दाबून फिरवायची, ती कळ मात्र माझी स्वतःची आहे. माझ्या दंडावर ते दोन वण आजही आहेत, रुपयाएवढे. अशी लस मुंबईत १८०२ साली एका तीन वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा टोचली गेली आणि १९७५ साली देशातली देवी संपली. माझ्या मुलीच्या दंडावर तसले वण नाहीत. लहानपणी ती बोट फिरवून विचारायची, "आई, इथं तुला कोण चावलं?"

नारूचं कुणाला सांगायला गेलं तर आताची मुलं तोंड वाकडं करतात. सांगते तरी. आमच्या गावची जुनी विहीर पायऱ्यांची. माणसं पाण्यात पाय बुडवून घागर भरायची. आजोबांच्या पोटरीला एकदा फोड आला आणि फुटला, त्यातून दोऱ्यासारखं पांढरं टोक डोकावलं. रोज चार बोटं काडीवर गुंडाळायचं, काडी पायाला बांधून ठेवायची, ओढाओढ करायची नाही. तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने खाटेवर. आजोबांची ऐन सुगी अशी खाटेवर गेली आणि जिजीनं एकटीनं काढणी केली. गंमत अशी, की हा किडा पाण्यातल्या नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्यासारख्या पिसवांतून पोटात जातो आणि बाहेर पडायला सुमारे वर्ष घेतो. म्हणजे गेल्या साली प्यालेलं पाणी यंदा पायातून निघायचं. औषध कधीच निघालं नाही. फडक्यातून गाळलेलं पाणी आणि पायऱ्यांच्या विहिरींचा बंदोबस्त एवढ्यावर तो देशातून गेला. शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला. जिजी तर घरात नळ आल्यावरही तोटीला धोतराचं दुहेरी फडकं बांधायची. सुना हसत. ती म्हणायची, "हसा. तुमच्या दाल्ल्याच्या पायात काडी बांधाय लागली न्हाय अजून."

१९८७ साली मी बाळंतपणाला माहेरी गेले. बाळंतीण म्हणून जिजीनं मला ताब्यात घेतलं ते सव्वा महिना सोडलं नाही. बाजेखाली शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा. आणि पालेभाजी. सकाळी तांदुळजा, संध्याकाळी शेपू, मधेच चाकवत. मी कंटाळून म्हटलं, मला काय शेळी समजतेस? ती म्हणाली, "शेळीच्याच दुदावर मी वाढले, बाय."

सहाण तिच्या लग्नातली. बाळगुटीची पुरचुंडी सोडायची, सहाणेवर दूध टाकायचं आणि एकेक जिन्नस धरून वेढे द्यायचे. वेखंडाचा एक, मुरडशेंगेचा एक, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा. महिना वाढला की वेढे वाढायचे. जायफळाला मात्र हात आखडता. जास्त झालं तर पोर झोपून राहतं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. जिजीला हे सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. सांगितलं ते लस टोचायला आलेल्या नर्सबाईंनी. वर विचारलं, "पहिला चीक पाजला ना बाळाला?" आमच्याकडं पहिले तीन दिवस चीक पिळून टाकायचे आणि बाळाला मध चाटवायचे. मी तो दवाखान्यातच पाजला होता. जिजी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गाय व्याली की वासराला आदी चीक पाजतो. उरला तर खरवस करून आपुन खातो. आन् आपलं लेकरू आलं की त्योच चीक मातीत." नऊ बाळंतपणांचा हिशोब तिनं मनात केला असावा. सहाण धुऊन फळीवर ठेवली ती माझी मुलगी सहा महिन्यांची होईपर्यंत काढली नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी जिजीचा मोतीबिंदू काढायचा ठरला, तेव्हा तपासणीत साखर निघाली. वजन ४२ किलो, अंगावर मूठभर मांस नाही आणि मधुमेह. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोड खूप खाता का?" तिला ती थट्टाच वाटली. "गूळ बगाय मिळायचा त्यो दिवाळीला," ती म्हणाली. घरात सगळ्यांना कोडं पडलं. साखर म्हणजे पोट सुटलेल्या सावकाराचा आजार, ही आमची समजूत.

पुढं पुष्कळ वर्षांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल वाचनात आलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं मोजली. इकडची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन. पण ही चिमणी बाळं नुसती हडकुळी नव्हती. स्नायू कमी, कातडीखालची चरबी मात्र टिकून. पोटातच उपासमार सोसलेलं असं शरीर पुढं खाणं वाढलं की साखरेकडं झुकतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ज्या आयांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध होतं, त्यांची बाळं जरा बाळसेदार निघाली. याज्ञिकांनी आपला आणि एका गोऱ्या सहकारी डॉक्टराचा फोटोही छापला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी एकसारखं, पण गोऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२. मला तो फोटो फार आवडला. स्वतःच्या पोटाचा असा जाहीर पंचनामा कोण करतो!

जिजीची साखर १९१८ सालातली, असं मी छातीठोक म्हणणार नाही. एका म्हातारीवरून असं काही ठरत नसतं. पण ते वाचलं तेव्हा मला ती सटवाई आठवली. पाचव्या रात्री येते म्हणतात, पण तिची लिखापढी नऊ महिने आधीच सुरू झालेली असते की काय कोण जाणे. आणि तो तांदुळजाही आठवला, ज्याला मी नाक मुरडलं होतं.

पणतूचं तोंड पाहिलं की म्हाताऱ्या माणसावर सोन्याची फुलं उधळतात. माझी मुलगी मात्र पणती. भावकीत कुजबुज झाली की पणतू होईपर्यंत थांबा. जिजीनं ऐकलं नाही. "मी कशाला थांबू? यम थांबतुया का?" सराफाकडून चांदीची पाच फुलं करून त्यांवर सोन्याचं पाणी दिलं आणि भाकरीच्या टोपल्यात ठेवून तिच्या डोक्यावर ओतली. एक फूल घरंगळून उखळात गेलं, ते दुसऱ्या दिवशी सापडलं. त्या दिवशी तिनं साखर असूनही पुरणपोळी खाल्ली, वर तूप घेऊन. कुणी हटकलं नाही.

शेवटची तीनचार वर्षं दात गेलेले. भाकरी दुधात कुस्करून, पान खलबत्त्यात कुटून. नातवंडांची नावं एकमेकांत मिसळायची, सालं मात्र पक्की. मोठ्या चुलत्यांचा धाकटा 'दुष्काळात सुकडी वाटत व्हते तवाचा', म्हणजे १९७२. मी 'कोयनंच्या भूकंपाला सात वरसाची'. आणि माझी मुलगी 'नळ आला त्या सालची'. हे ऐकून मी एकदा चमकले होते. रोगराई, दुष्काळ, भूकंप यांच्याखेरीज दुसरी खूण तिनं पहिल्यांदाच लावली होती.

सहाण आता माझ्याकडं असते. मध्यभागी वाटीसारखी खोलगट झालीय. गुटी कुणी मागत नाही. मीच तिच्यावर सुंठ उगाळून गुडघ्याला लेप लावते. परवा नात शेजारी बसून बघत होती. ती लॉकडाऊनच्या वर्षी रांगायला लागली. तिचं रांगणं मी मोबाइलवरच पाहिलं. सुंठेचा वास घेऊन तिनं नाक आक्रसलं आणि विचारलं, "आजी, तू किती वर्षांची आहेस गं?"

"कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते," मी म्हटलं.

तिनं एक हात पसरला, मग दुसरा. मग माझा हात ओढून घेतला आणि लेपानं माखलेली बोटं मोजायला लागली.