एका खोक्यातले दोन कागद : मल्टिमीटर, वॉरंटी आणि हातून होणारी चूक

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग मल्टिमीटरबद्दल आहे. म्हणजे खरं तर मीटरबद्दल थोडा कमी आणि मीटरच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या दोन कागदांबद्दल जास्त. एक कागद सुरक्षिततेच्या सूचनांचा, दुसरा वॉरंटीचा. मीटर काढून घेतलं की हे दोन्ही कागद आपण खोक्यातच ठेवतो आणि खोकं माळ्यावर जातं. मीही तेच करायचो.

मग एक घटना घडली. साल १९९३-९४ असेल. मी एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात शिकाऊ होतो. तिथे एक जुने वायरमन होते, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. त्या दिवशी सकाळी नानांनी एका बॅटरीच्या सर्किटचा करंट मोजला. त्यासाठी मीटरची लाल वायर दहा ॲम्पिअरच्या भोकात घालावी लागते, तशी घातली. दुपारी मोटरच्या पॅनेलवर फेज बघायला बोलावलं. नानांनी नॉब व्होल्टवर फिरवला, पण वायर बदलायची राहिली. प्रोब टेकवले आणि फाडकन आवाज झाला. निळा-पांढरा उजेड पडला. मीटरचं अर्धं कव्हर पलीकडच्या भिंतीपाशी सापडलं. नानांची बोटं भाजली, भुवया जळाल्या. डोळे वाचले ते जाड भिंगांच्या चष्म्यामुळे.

मीटर अजून वॉरंटीत होतं, म्हणून ते कंपनीकडे पाठवलं. पंधरा दिवसांनी चिठ्ठी लावून परत आलं : चुकीच्या वापरामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही. फोरमन म्हणाले, "बरोबरच आहे की." हाताला पट्टी बांधलेले नाना म्हणाले, "साहेब, चूक माझीच, मान्य. पण माणसाकडून चूक झाली तर मीटरनं त्याच्या हातात फुटायचं, हे कुठल्या कागदात लिहिलंय?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर थोडं मागे जावं लागतं.

वीज मोजण्याची सुरुवात आपल्याला शाळेत शिकवलेली असते. १८२० मध्ये कोपनहेगनला ओर्स्टेड यांना दिसलं की तारेतून करंट गेला की शेजारची होकायंत्राची सुई हलते. १८८२ मध्ये फ्रान्समध्ये दार्सोनव्हाल यांचा फिरत्या कॉइलचा गॅल्व्हानोमीटर आला. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी हातात धरून नेता येतील अशी भरवशाची मीटरं बनवायला घेतली. पण ही मीटरं एकेका कामाची होती. व्होल्टचं वेगळं, ॲम्पिअरचं वेगळं, ओहमचं वेगळं.

हे ओझं वाहून कंटाळलेला एक माणूस म्हणजे डोनाल्ड मॅकॅडी. ब्रिटिश पोस्ट ऑफिसमध्ये इंजिनिअर. तेव्हा तिकडे तार आणि टेलिफोन दोन्ही पोस्टाकडेच होते, त्यामुळे पोस्टातला इंजिनिअर म्हणजे दिवसभर लाइनी तपासत फिरणारा माणूस. त्यांनी तिन्ही मीटरं एकाच पेटीत बसवली. १९२३ मध्ये लंडनच्या एका कॉइल वाइंडिंगची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं ती बाजारात आणली. ॲम्पिअर, व्होल्ट आणि ओहम यांची आद्याक्षरं घेऊन नाव ठेवलं 'अ‍ॅव्हो'. पुढे कितीतरी देशांत कुठल्याही मल्टिमीटरला लोक अ‍ॅव्होमीटरच म्हणू लागले. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे, तसंच हे.

या घराण्यातलं सगळ्यात नावाजलेलं मॉडेल म्हणजे १९५१ चं अ‍ॅव्हो ८. चामड्याचा पट्टा, जवळजवळ तीन किलो वजन. ते २००८ पर्यंत बनत होतं. आपल्याशी त्याचं नातं नाशिकमधून जुळतं. नाशिकरोडच्या मोटवाने कंपनीची '८ एक्स' मीटरं याच वळणाची होती आणि आपल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये कित्येक पिढ्यांनी तीच हाताळली. (हेच ते मोटवाने, ज्यांच्या 'शिकागो रेडिओ'चं नाव गांधीजी आणि नेहरूंच्या सभांच्या फोटोंत मायक्रोफोनवर दिसतं. त्यावर कधीतरी वेगळा भाग करायचाय.)

अ‍ॅव्होवर एक बटण असायचं, ते आजच्या विषयासाठी महत्त्वाचं आहे. करंट जास्त झाला, काटा शेवटच्या टोकावर जोरात आपटला की यांत्रिक कट-आउट सुटायचा, सर्किट तुटायचं आणि बटण वर यायचं. दाबलं की पुन्हा काम सुरू. फार सुंदर कल्पना! पण ती कशासाठी होती ते बघा. आतली नाजूक कॉइल जळू नये, काटा वाकू नये, म्हणून. त्या काळात 'मीटरची सुरक्षितता' म्हणजे मीटर सुरक्षित राहणं. धरणाऱ्या माणसाचा विचार नव्हता असं मी म्हणणार नाही, पण पहिला विचार मीटरचा होता, कारण मीटर महाग होतं.

त्यात अ‍ॅव्हो टेबलावर ठेवून वापरायचे. लांब वायरी, मीटर एकीकडे, माणूस एकीकडे. पुढे ट्रान्झिस्टर आले, आयसी आल्या, आकडे दाखवणारी मीटरं आली आणि १९७७ मध्ये अमेरिकेच्या फ्लूक कंपनीनं ८०२०ए हे तळहातात मावणारं डिजिटल मीटर काढलं. तिथून मीटर टेबलावरून उठून माणसाच्या हातात आलं. आता ते पॅनेलसमोर, तोंडापासून हातभर अंतरावर असतं. माझ्या मते सुरक्षिततेच्या इतिहासातलं खरं वळण हे आहे. जे फुटेल ते आता हातातच फुटणार होतं.

फुटतं का, हे जरा सावकाश सांगतो, कारण इथेच सगळी मेख आहे.

व्होल्ट मोजताना डिजिटल मीटर म्हणजे साधारण एक कोटी ओहमचा अडथळा. त्यातून करंट जवळजवळ जातच नाही. पण करंटच्या भोकात वायर घातली की आत असतो जाड शंट, त्याचा अडथळा ओहमच्या शंभराव्या भागाइतका. ते प्रोब दोन फेजना लावणं म्हणजे दोन फेजमध्ये चक्क तार टाकणं. नॉब व्होल्टवर आहे की ॲम्पिअरवर, याचा तिथे काही संबंध नाही.

"पण मध्ये फ्यूज असतो ना?" असतो. प्रश्न कुठला फ्यूज, हा आहे. साधा काचेचा २५० व्होल्टचा फ्यूज फार मोठा करंट तोडण्यासाठी नसतोच. त्या जातीच्या दहा ॲम्पिअरच्या फ्यूजनं सुमारे शंभर ॲम्पिअरपर्यंतचा करंट सुरक्षित तोडावा, एवढीच अपेक्षा असते. कारखान्याच्या पॅनेलवर शॉर्ट झालं तर करंट हजारोंत जातो. तार वितळते, पण काचेच्या नळीत धातूची वाफ राहते. वाफेतून ठिणगी चालूच राहते. काच फुटते आणि ठिणगी मीटरच्या पोटात मोकळी होते. १९८२ मध्ये राल्फ ली या अमेरिकी इंजिनिअरनं अशा ठिणगीच्या उष्णतेवर एक निबंध लिहिला. विजेचा धोका म्हणजे फक्त झटका नव्हे, झटका न बसताही माणूस भाजून मरू शकतो, हे त्या निबंधानं लोकांच्या गळी उतरवलं. नानांना झटका बसलाच नव्हता.

चांगल्या मीटरमधला फ्यूज वेगळा असतो. लांबट, चिनी मातीचा, आत बारीक वाळू भरलेली. तार वितळली की वाळूही वितळते आणि ठिणगी गुदमरून विझते. तो हजार व्होल्टला दहा हजार ॲम्पिअर किंवा त्याहून जास्त करंट तोडू शकतो. महाग असतो. म्हणून फ्यूज गेला की आपल्याकडे काय होतं, तुम्हाला माहीत आहेच : दुकानातून काचेचा आणून बसवायचा, नाहीतर सरळ तार गुंडाळायची. मीटर चालू होतं. वॉरंटी तर त्याच क्षणी संपते, पण ती सगळ्यात छोटी गोष्ट झाली.

१९९० मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेचं १०१० क्रमांकाचं मानक आलं. पुढे क्रमांकपद्धत बदलल्यावर ते ६१०१० झालं. मीटरवर कॅट टू, कॅट थ्री, कॅट फोर असं छापलेलं दिसतं ना, ते यातलंच. वीज पडली किंवा मोठी मोटर बंद झाली की लाइनवर क्षणभर हजारो व्होल्टची उसळी येते. तुम्ही डीपीच्या जितके जवळ, तितकी त्या उसळीमागची ताकद जास्त. घरातल्या प्लगवर चालणारी वस्तू कॅट टूमध्ये. भिंतीतलं वायरिंग, पॅनेल, पक्की जोडलेली मोटर कॅट थ्रीमध्ये. बाहेरून येणारी सर्व्हिस लाइन आणि विजेचं मीटर कॅट फोरमध्ये.

इथे भलेभले फसतात. कॅट टू हजार व्होल्ट आणि कॅट थ्री सहाशे व्होल्ट, यातलं दणकट कुठलं? आकडा बघून आपण हजारवालं उचलतो. चाचणीत दोघांनाही सहा हजार व्होल्टचाच धक्का देतात. पण कॅट टूला तो बारा ओहममधून देतात, म्हणजे जास्तीत जास्त पाचशे ॲम्पिअर. कॅट थ्रीला दोन ओहममधून, म्हणजे तीन हजार ॲम्पिअर. सहापट. पॅनेलवर सहाशेवालंच न्यायचं.

आणि २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीत नानांच्या प्रश्नाचं उत्तर आलं. त्या मानकात, वाजवी अंदाज बांधता येईल अशा चुकीच्या वापराचाही विचार उत्पादकानं केला पाहिजे, असं कलम घातलं. मोजणीच्या उपकरणांसाठी जोडीला जो भाग आहे, त्यात तर थेट सांगितलंय की एका भोकासाठी असलेलं कमाल व्होल्टेज चुकून दुसऱ्या भोकात दिलं, नॉब कुठेही असला, तरी धोका निर्माण होता कामा नये. मीटर निकामी झालं तरी चालेल. माणसाला इजा होता कामा नये. अ‍ॅव्होच्या बटणाच्या बरोबर उलटा क्रम.

आता दुसरा कागद बघू. वॉरंटीच्या भाषेवर अमेरिकेत १९७५ मध्ये मॅग्नसन-मॉस कायदा आला. ग्राहकांच्या वस्तूंवरची लेखी वॉरंटी 'पूर्ण' आहे की 'मर्यादित', हे स्पष्ट लिहिणं त्यानं भाग पाडलं. 'लिमिटेड लाइफटाइम वॉरंटी' हे विचित्र शब्द तिथून आपल्याकडे आले. लाइफटाइम म्हणजे कुणाचं आयुष्य? फ्लूकच्या अशा वॉरंटीत व्याख्या दिलेली आहे : ते मॉडेल बनवणं कंपनीनं थांबवल्यानंतर सात वर्षं, पण खरेदीपासून किमान दहा. फक्त मूळ खरेदीदारासाठी. म्हणजे तुमचं आयुष्य नाही, मीटरचंही नाही, मॉडेलचं आयुष्य. आणि त्यातून वगळलेलं काय? फ्यूज, बॅटरी, निष्काळजीपणा, गैरवापर, अपघात, दिलेल्या मर्यादेबाहेरचा वापर. ही कंपनी वाईट म्हणून नव्हे. तिचा मजकूर निदान उघड आणि स्वच्छ आहे. बाकीच्यांच्या कागदावरही घुमूनफिरून हेच असतं.

म्हणजे एकाच चुकीबद्दल, एकाच खोक्यातले दोन कागद दोन गोष्टी सांगतात. पहिला म्हणतो, ही चूक होणार हे आम्ही धरूनच चाललोय. दुसरा म्हणतो, ही चूक झाली तर आमचा संबंध नाही. सुरुवातीला मला ही लबाडी वाटली होती. आता तसं वाटत नाही. जळलेल्या मीटरचे पैसे नानांनी भरावेत, यात काही अन्याय नाही. भाजलेल्या हाताचा हिशोब वेगळा. तो वॉरंटीच्या चिठ्ठीनं मिटत नाही आणि १९९४ मध्ये तो कुणी मांडलाच नाही, आम्हीसुद्धा नाही.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचं वेगळं प्रकरण आहे. रचनेत दोष असेल, किंवा योग्य वापराच्या सूचना आणि चुकीच्या वापराबद्दलचा इशारा पुरेसा नसेल, तर इजेबद्दल उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो. त्याच प्रकरणात, वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाला असेल तर विक्रेत्यावर दावा चालत नाही, असंही आहे. म्हणून तर सूचनांचा कागद एवढा लांब असतो. त्यातली निम्मी वाक्यं तुमच्यासाठी असतात आणि निम्मी वकिलासाठी, पण कुठली कुणासाठी ते ओळखता येत नाही, म्हणून सगळीच वाचावी लागतात.

जाता जाता बाजारात मिळणाऱ्या त्या पिवळ्या, स्वस्त मीटराबद्दल. डीटी-८३० घराण्यातलं. विद्यार्थ्यांनी बॅटरी-सेलवर शिकायला झकास आहे, माझ्या टेबलावरही एक आहे. पण त्यातल्या बऱ्याच मीटरांवर दहा ॲम्पिअरच्या भोकाशेजारी बारीक अक्षरात 'अनफ्यूज्ड' असं छापलेलं असतं. म्हणजे मध्ये काचेचाही फ्यूज नाही. तेच मीटर घेऊन कुणी विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर उघडून बसलेला दिसला, तर त्याच्याशी बोला.

नानांचं मीटर त्यांनी निवृत्त होताना मला दिलं. आत फ्यूजच्या दोन क्लिपा आहेत, त्यांच्यामध्ये काळा डाग आणि काचेची भुकटी. बाहेर लाल भोकाशेजारचा '२५० व्होल्ट कमाल' हा मजकूर अजून वाचता येतो. पॅनेल ४१५ व्होल्टचं होतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या मीटरात कुठला फ्यूज निघाला ते कळवा. भेटू पुढच्या भागात.