असमर्थित ग्राफिक्स कार्ड

असमर्थित ग्राफिक्स कार्ड म्हणजे ज्याला संगणकाच्या मदरबोर्डाचे, कार्यप्रणालीचे किंवा खुद्द उत्पादकाचे अधिकृत पाठबळ नाही असे ग्राफिक्स कार्ड होय. सुटे भाग जोडून तयार केलेल्या, म्हणजेच ‘असेंबल्ड’ संगणकात हा प्रश्न विशेषतः उद्भवतो. कारण त्यातील भाग निरनिराळ्या काळातले व निरनिराळ्या कंपन्यांचे असतात. असमर्थित कार्ड नादुरुस्त असतेच असे नाही. अनेकदा ते सुस्थितीत असते. त्याला ओळखणारी आज्ञावली तेवढी उपलब्ध नसते.

कारणे व उपाय

कार्ड चालण्यासाठी तीन पातळ्यांवर जुळणी व्हावी लागते.

जोडणी व वीज: पीसीआय एक्सप्रेस ही जोडणी मागील आवृत्त्यांशी सुसंगत असल्याने नवे कार्ड सहसा जुन्या स्लॉटमध्येही चालते. स्लॉटमधून कमाल ७५ वॅट वीज मिळते. अधिक गरज असल्यास एसएमपीएसमधून सहा पिनांची (७५ वॅट) किंवा आठ पिनांची (१५० वॅट) केबल जोडावी लागते.

फर्मवेअर: अनेक जुन्या कार्डांच्या बायॉसमध्ये यूईएफआय पद्धतीने चित्र दाखविण्याची सोय नसते. अशा वेळी मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये ‘सीएसएम’ हा पर्याय असल्यास तो सुरू करावा लागतो. याउलट इंटेलची आर्क मालिकेतील कार्डे ‘रिसायझेबल बार’ नसलेल्या जुन्या मदरबोर्डावर बरीच मंदावतात.

ड्रायव्हर: प्रत्येक कार्डात उत्पादकाचा व उपकरणाचा क्रमांक नोंदलेला असतो. ड्रायव्हरच्या यादीत तो क्रमांक नसल्यास विंडोजमध्ये ड्रायव्हरची स्थापना नाकारली जाते. यादीत फेरफार करून क्रमांक घालता येतो. मात्र त्यामुळे ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी अवैध ठरते आणि संगणकाची एक सुरक्षा-तपासणी शिथिल करावी लागते.

लिनक्सवरील स्थिती

एएमडीने २००७ पासून आपल्या कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्यास सुरुवात केली. त्यामुळे कंपनीने लक्ष काढून घेतल्यावरही तिची अनेक जुनी कार्डे लिनक्सवर चालू राहिली. एनव्हीडियाच्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी कार्डाच्या वर्तनाचा उलट अभ्यास करून ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर लिहिला; २०१० मध्ये तो लिनक्सच्या २.६.३३ या आवृत्तीत समाविष्ट झाला. पुढे एनव्हीडियाने स्वाक्षरीबद्ध फर्मवेअर सक्तीचे केल्याने जीटीएक्स ९०० व १००० मालिकांतील कार्डांचा वेग नूव्होला वाढविता येत नाही. ट्युरिंग व त्यानंतरच्या कार्डांसाठी कंपनीने मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला. कंपनीच्या स्वतःच्या ड्रायव्हरांत फर्मी कार्डांसाठी ३९० ही, तर केप्लर कार्डांसाठी ४७० ही शेवटची मालिका आहे.

मॅकओएसवरील स्थिती

ॲपलेतर संगणकावर मॅकओएस बसविण्यास ‘हॅकिंटॉश’ म्हणतात; ॲपलच्या परवान्यात त्यास मुभा नाही. २०१८ मधील मोहावे आवृत्तीसाठी एनव्हीडियाचे ड्रायव्हर आले नाहीत. त्यामुळे मॅक्सवेल व पास्कल कार्डांसाठी हाय सिएरा ही शेवटची आवृत्ती ठरली. २०२१ मधील माँटेरेमधून केप्लर कार्डेही वगळली गेली.

वापरलेली कार्डे

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ‘मायनिंग’ची पद्धत सोडल्यावर त्यासाठी वापरलेली अनेक कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांपैकी काहींचे बायॉस बदललेले असते, त्यामुळे ड्रायव्हर अशी कार्डे नाकारू शकतो. मूळ बायॉस पुन्हा भरल्यास ती पूर्ववत चालू शकतात. परंतु चुकीचे बायॉस भरल्यास कार्ड निकामी होण्याचा धोका असतो. त्यामुळे आधीच्या बायॉसची प्रत जपून ठेवणे आवश्यक असते.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) हा संगणकाच्या सुट्या भागांचा राज्यातील प्रसिद्ध बाजार आहे. अशा बाजारांपासून दूर असलेल्या लासूर स्टेशनसारख्या (ता. गंगापूर, जि. छत्रपती संभाजीनगर) गावांतील ग्राहकाला न चाललेले कार्ड परत करणे खर्चाचे ठरते. म्हणून कार्डाची लांबी, विजेची गरज, मदरबोर्डाचे फर्मवेअर आणि कार्यप्रणालीसाठीचा ड्रायव्हर या चार बाबी खरेदीपूर्वी पडताळणे हिताचे असते.

मर्यादा

असमर्थित कार्डास नवे सुरक्षा-सुधार मिळत नाहीत. कार्यप्रणाली अद्ययावत केल्यावर ते पुन्हा बंद पडू शकते. तथापि साधे लेखन, चित्रफिती पाहणे व प्रोग्रामिंगचा सराव यांसाठी अशी कार्डे पुरेशी ठरतात आणि त्यांचा पुनर्वापर झाल्याने ई-कचरा कमी होतो.