मांडीवरील गिटार आणि यादवकालीन एकतंत्री

मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, तिच्या तारांवरून सरकणारी पोलादी दांडी आणि त्यातून निघणारा अखंड वाहता स्वर ही सर्वस्वी परदेशी देणगी होय, असे एक मत आहे. याउलट, भारतात जन्मलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नामक खलाशाने ही रीत हवाई बेटांत नेली, या आख्यायिकेच्या बळावर ती मूळची आपलीच ठरविण्याचा उत्साहही आढळतो. या वादात मराठवाड्याच्या अभ्यासकास तटस्थ राहता येत नाही. कारण यासंबंधीचा एक भक्कम लेखी पुरावा त्याच्याच प्रदेशातील आहे.

आजचा धाराशिव जिल्हा तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात मोडत असे. सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यातील वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचा मान मोठा. तिचे दर्शन व स्पर्शदेखील पुण्यप्रद मानले आहेत. या वीणेस पडदे नसत. कम्रिका नामक वेळूची कांडी डाव्या हाताने तारेवर सरकवून स्वर काढीत. तुळजापूरच्या गोंधळ्यांचे तुणतुणेही एकाच तारेचे खरे. पण त्याचे काम आधारस्वर धरण्याचे. केवळ तारेच्या संख्येवरून त्याचे नाते एकतंत्रीशी जोडणे धाडसाचे होईल.

कम्रिका व पोलादी दांडी यांचे तत्त्व मात्र एकच आहे. तार पडद्यावर दाबली जात नाही, म्हणून दोन स्वरांमधील सारे अंतर नादात उमटते. मींड येते ती यामुळेच. दांडी वजनदार हवी. ती हलकी असल्यास तार खरखरते आणि नाद लवकर विझतो.

तथापि तत्त्वाचे साम्य म्हणजे वंशसंबंध नव्हे. हवाईत या वादनाचे श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यास देतात, आणि डेव्हियनची कथा खरी मानली तरी तिचा धागा देवगिरीपर्यंत पोहोचत नाही. विसाव्या शतकात हे वाद्य भारतात आले ते हवाईच्या वादकांकडूनच. त्यांपैकी टाऊ मो १९४० नंतरच्या दशकात कलकत्त्यास राहत होते. पुढे वॅन शिप्ले व हजारा सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकांनी चित्रपटगीतांच्या चाली विजेच्या गिटारीवर घरोघर नेल्या. गायकाच्या गळ्यातील मींड येथे शब्दांवाचून ऐकू येई, आणि ती श्रोत्यांस परकी वाटली नाही. माझ्या मते ‘रत्नाकरा’ची साक्ष येथेच उपयोगी पडते: वाद्य नवे होते, कान जुना होता.

अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा यांनी तारा उंच उचलून घेतल्या, चिकारी जोडली आणि आलापीस योग्य अशी गिटार सिद्ध केली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ती संतूर व बासरीच्या बरोबरीने वाजते.